एका दिवसाचा राजा आणि आपली गल्ली

दिवाळी जवळ आली की आपल्या घरांत झाडलोट सुरू होते. माळ्यावरची अडगळ खाली येते, भिंतींना चुना लागतो, तांब्या-पितळेची भांडी चिंचेने लखलखतात आणि वर्षभराचा केर सुपात भरून उंबरठ्याबाहेर जातो. उंबरठ्याबाहेर गेलेल्या त्या केराचे पुढे काय होते, हे मात्र आपण विचारीत नाही. लक्ष्मी घरात येते, गल्लीत येत नाही, अशी आपली काहीशी समजूत झाली आहे. आपल्या स्वच्छतेची सीमा उंबरठ्यावर संपते. रोगराई मात्र त्याच उंबरठ्यावरून आत येते, आणि ती कोणाला विचारून येत नाही.

वाचकहो, आम्ही व्यवसायाने शिक्षक. सरकारी शाळेच्या मुख्याध्यापकाने नगररचना आणि सार्वजनिक आरोग्य यांसारख्या विषयांवर लिहावे हा काहीसा अधिकारातिक्रम वाटेल. परंतु ज्या इंदूर नगरीत आमच्या घराण्याच्या काही पिढ्या गेल्या, त्या नगरीच्या इतिहासात या विषयावरचा एक विलक्षण धडा दडलेला आहे. तो धडा वाचून आम्हांस बरीच वर्षे झाली होती. तो आम्हांला समजला मात्र आमच्याच शाळेच्या हजेरीपटावरून. त्या दोन्ही गोष्टी आज आपल्यापुढे मांडावयाच्या आहेत.

१९१४ साली एक वयस्क स्कॉटिश प्राध्यापक हिंदुस्थानात आला. पॅट्रिक गेडिस हे त्याचे नाव. जन्म १८५४ चा, मूळचा अभ्यास वनस्पतिशास्त्राचा. नगर म्हणजे दगड-विटांचा ढीग नसून तो एक सजीव देह आहे, अशी त्याची श्रद्धा होती. तरुणपणी एडिंबरो शहरातील एका जुन्या, कोंदट वस्तीत हा गृहस्थ आपल्या पत्नीसह राहावयास गेला. तेथे शेजाऱ्यांना हाताशी धरून त्याने भिंतींना सफेदी केली, खिडक्यांत फुलझाडे लावली, आणि सुधारणा बाहेरून लादावयाची नसते, ती आतून उगवावी लागते, हा विचार स्वतःच्या संसारातून सिद्ध केला. नगररचनेचे एक मोठे प्रदर्शन घेऊन तो इकडे येणार होता. पण महायुद्ध सुरू झाले होते, आणि जर्मन युद्धनौका एम्डेनने ते सामान वाहणारे जहाज समुद्रात बुडविले. मित्रांनी नवे नकाशे व चित्रे जमवून दिली आणि १९१५ च्या आरंभी मद्रासला ते प्रदर्शन भरले. पुढे अनेक नगरांनी त्याला बोलाविले. १९१६ मध्ये त्याने बडोद्यासाठी अहवाल लिहिला. १९१७ मध्ये तो इंदूरला होळकर दरबाराच्या कामावर आला, आणि १९१८ मध्ये इंदूरविषयीचा त्याचा दोन खंडांचा अहवाल प्रसिद्ध झाला. १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्र या विषयांचा तो पहिला प्राध्यापक झाला. कीर्तिमान समाजशास्त्रज्ञ डॉ. गो. स. घुर्ये हे त्याचे विद्यार्थी.

ज्या वर्षी हा मनुष्य इंदूरला आला ते त्याच्या आयुष्यातील सर्वांत दुःखाचे वर्ष होते. एप्रिलमध्ये त्याचा थोरला मुलगा फ्रान्सच्या रणभूमीवर पडला आणि जूनमध्ये त्याची पत्नी याच देशात तापाने निवर्तली. रोगाने घर कसे रिकामे होते हे त्याला पुस्तकातून शिकावे लागले नव्हते.

त्या काळी इंदुरात प्लेगचे भय होते. खान आणि सरस्वती या दोन नद्यांच्या काठी दाटीवाटीने वसलेले शहर, ओलसर गल्ल्या, धान्याच्या वखारी आणि त्यांत माजलेले उंदीर. हातात नकाशा घेऊन गल्लीबोळांतून पायी हिंडणे ही गेडिस यांची रीत. वैद्याने नाडी पाहिल्यावाचून मात्रा देऊ नये, तद्वत् नगररचनाकाराने गल्ली पायाखाली घातल्यावाचून रेघ मारू नये, असे ते मानीत. परंतु हा दाढीवाला साहेब नकाशा घेऊन फिरू लागला की लोक घाबरत. हा साहेब घरे पाडणार, हाच प्लेग आणतो, अशी कुजबूज त्याच्या मागे चाले.

लोकांच्या या भीतीला आपण अडाणीपणा म्हणावे काय? आम्हांस तसे वाटत नाही. वीसच वर्षांपूर्वी पुण्यात काय घडले होते ते आठवावे. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेग आढळला. १८९७ च्या फेब्रुवारीत सरकारने साथरोगांचा कायदा केला, पुण्यात रँडसाहेबाच्या हाती अधिकार गेले आणि गोरे सोजीर घरोघर शिरले. देवघर पाहिले नाही, माजघर पाहिले नाही. रोग्यांना इस्पितळात आणि त्यांच्या आप्तांना छावण्यांत नेले गेले, चीजवस्तू जाळल्या गेल्या. त्याच साली मार्चमध्ये प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांनी देह ठेवला. लोकमान्यांनी शहर न सोडता प्लेगचे रुग्णालय चालविण्यात पुढाकार घेतला. आणि २२ जूनच्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. पुढचा इतिहास सर्वांस ठाऊक आहे.

या इतिहासातील एक गोष्ट मात्र क्वचितच सांगितली जाते. सोजिरांनी भिंती धुतल्या, कपडे जाळले, माणसे हलविली, परंतु प्लेग उंदराच्या अंगावरील पिसवेतून माणसात येतो, हे त्या वेळी कोणाला नक्की माहीत नव्हते. सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरने कराचीत प्रयोग करून ते दाखविले १८९८ मध्ये, आणि ते सर्वमान्य होण्यास आणखी काही वर्षे लागली. म्हणजे ज्या जुलमाने एक शहर पेटले, तो जुलूम रोगाच्या मुळाशी पोहोचलाच नव्हता. उंदीर कोठे मरून पडले, कोणत्या वखारीत आधी पडले, हे घरच्या बायकांना आणि हमालांना माहीत होते. त्यांना कोणी विचारले नाही. घरात शिरणे निराळे आणि घरच्यांना विचारणे निराळे.

आता इंदूरकडे वळू. लोकांचा अविश्वास पाहून गेडिस यांनी दरबारकडे एक चमत्कारिक मागणी केली. मला एका दिवसाचा राजा करा! दिवाळी जवळ आली होती. दरबारने रुकार दिला आणि शहरात दवंडी फिरली की, यंदा दिवाळीची एक नवी मिरवणूक निघेल, तिचा मार्ग नेहमीचा नसेल, आणि ज्या रस्त्यांवरची घरे उत्तम स्वच्छ व दुरुस्त झालेली असतील त्या रस्त्यांनी ती जाईल. एवढ्या एका वाक्याने जे घडले ते सोजिरांच्या पलटणीने घडले नसते. गल्लीगल्लींत चढाओढ लागली. घरांतील व अंगणांतील केर फुकट वाहून नेण्याची व्यवस्था केली होती. हजारो खेपा केर शहराबाहेर गेला. भिंती रंगल्या, देवळे उजळली, उंदीर धरले गेले.

मग मिरवणूक निघाली. हत्ती, उंट, घोडे, लष्कर, धान्याचे व कापसाचे रथ हे तर होतेच. त्यांच्यामागून आले केरकचऱ्याचे राक्षस आणि प्लेगचा एक अजस्र उंदीर. आणि त्यांच्यानंतर आले शहराचे सफाई कामगार. शुभ्र नवी वस्त्रे, डोक्याला नवी पागोटी, हातांतील झाडूंवर फुले, रंगविलेल्या गाड्या, शिंगे रंगविलेले बैल. ज्यांची सावलीही टाळली जात होती, त्यांचे शहराने जयघोषात स्वागत केले. त्यांच्यामागून शहरातील कारागीर, त्यांच्यामागून लक्ष्मीचा रथ, मग होऊ घातलेल्या ग्रंथालयादी इमारतींच्या प्रतिकृती, आणि अखेरीस बागवानांच्या गाड्या. त्या गाड्यांतून लोकांना तुळशीची रोपे वाटली गेली. रात्री कचऱ्याच्या राक्षसाचे आणि प्लेगच्या उंदराचे दहन झाले.

ही हकीकत गेडिस यांनीच पुढे सांगितली आणि अमेलिया डेफ्रीस यांनी ती १९२७ मध्ये ग्रंथरूपाने छापली. सांगणारा स्वतःच नायक असल्यामुळे तिला थोडे रंग चढले असतील, हे आम्ही नाकारीत नाही. प्लेगचा जोर ओसरला त्यात ऋतूचाही वाटा होता, हे खुद्द तेही मान्य करीत. परंतु तिचे सार खोटे ठरत नाही. कालपर्यंत ज्याला पाहून लोक दारे लावीत, त्याला ते आता आपल्या गल्लीत बोलावू लागले. आमचे घर पाहा, आमची विहीर पाहा, असे म्हणू लागले. त्याच्या नकाशाला तेव्हा कोठे खरी माहिती मिळू लागली. सरसकट पाडापाडी करून रुंद रस्ते काढण्यास गेडिस यांचा विरोध होता. एखादे पडके घर काढावे, तेथे मोकळी जागा, एक झाड, एक पार ठेवावा आणि उरलेली गल्ली जगू द्यावी, या रीतीला ते जपून केलेली शस्त्रक्रिया म्हणत. अशी शस्त्रक्रिया रोग्याच्या संमतीवाचून होत नाही.

इंदूरच्या नागरिकांनी पुढे आणखी एकदा आपला शब्द उमटविला. १९७० मध्ये पाण्यासाठी नर्मदा आंदोलन झाले. दूर दरीतून वाहणारी नर्मदा माळव्याच्या पठारावर चढवून आणावी, ही मागणी तेव्हा अनेकांना वेडगळ वाटली होती. पण विद्यार्थी, व्यापारी, गृहिणी, सर्व पक्षांचे लोक रस्त्यावर आले आणि शासनाला योजना मान्य करावी लागली. १९७८ मध्ये नर्मदेचे पाणी इंदुरात आले. आम्ही तेव्हा लहान होतो. वडिलांनी आमचा हात धरून नळाखाली ओंजळ धरावयास लावली आणि "नर्मदामाई घरी आली" असे म्हणत स्वतः डोळे पुसले, हे आम्हांला स्पष्ट आठवते. ते पाणी कोणी दिलेले दान नव्हते. ते मागून, भांडून आणलेले होते.

इतका वारसा पाठीशी असूनही आम्ही स्वतः काय केले, ते आता सांगतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. पावसाळा सरत आला होता. आमच्या शाळेत सातवीच्या वर्गातील एक मुलगा सतत गैरहजर होता. वर्गशिक्षकांनी हजेरीपटावर रोज 'गै' लिहिले आणि आम्ही महिनाअखेरीस त्याखाली सही केली. असे एकूण २६ दिवस. पुढे तो आला तो निम्मा होऊन, डोळे अजून पिवळसर. बाप हातगाडी ओढणारा. आईच्या पायांतले तोरड्यांचे जोड मोडून औषधपाणी झाले होते. त्या दिवशी आम्ही हजेरीपट पुन्हा उघडला. महिनाभरात कावीळ झालेली एकूण ११ मुले निघाली. त्यांतील ९ शाळेमागच्या दोनच गल्ल्यांतली होती. आम्ही रोज सही करीत होतो आणि आमच्या सहीखाली एक साथ पसरत होती.

आम्ही लगेच एक अर्ज लिहिला. मराठी विषयात एम. ए. केलेल्या माणसाने हिंदीत लिहिलेला तो अर्ज अलंकारिक होता, हे सांगणे न लगे. 'समस्त क्षेत्र का जल दूषित है' वगैरे. संबंधित कचेरीतून उत्तर आले नाही. दोन आठवड्यांनी आम्ही स्वतः गेलो. तेथील कनिष्ठ अभियंता सज्जन होता. तो म्हणाला, "सर, तुमच्या अर्जावर मी कोठे खणू? समस्त क्षेत्र खणता येत नाही." आम्ही निरुत्तर होऊन परतलो. त्याचे म्हणणे खरे होते. तक्रार केली होती, माहिती दिली नव्हती.

मग गेडिस आठवले. आठवीच्या मुलांना घेऊन आम्ही दोन्ही गल्ल्यांचा नकाशा काढला. कोणत्या घरी कावीळ, कोणत्या घरी नाही, नळ कोठे, नाली कोठे, हे सारे रंगीत खडूंनी भरले. १८५४ मध्ये लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवर पटकीची साथ आली तेव्हा डॉ. जॉन स्नो यांनी असाच तपास केला होता, आणि त्याच वस्तीतील पाद्री हेन्री व्हाइटहेड यांनी घरोघर जाऊन, आपल्या ओळखीच्या माणसांना विचारून, तो तपास पक्का केला. डॉक्टरांचे शास्त्र आणि शेजाऱ्याची ओळख एकत्र आली तेव्हा त्या पंपाचे रहस्य उलगडले.

आमच्या नकाशातील कोडे उलगडले ते धुणीभांडी करणाऱ्या एका बाईंनी. शाळेच्या अंगणात एका रविवारी संध्याकाळी दोन्ही गल्ल्यांची सभा बोलाविली होती. पुरुषमंडळी महापालिकेवर तावातावाने बोलत होती. त्या बाई मागे उभ्या होत्या. आम्ही आग्रह केला तेव्हा पदर सावरून म्हणाल्या, "सर, आमच्या नळाला पहिली दहा मिनिटं पाणी घाण येतं, वास येतो. मग साफ येतं. म्हणून आम्ही पहिलं पाणी फेकतो. पण ज्यांच्याकडं पंप आहेत, त्यांच्या टाकीत पहिलंच पाणी जातं."

कनिष्ठ अभियंता आमच्या विनंतीवरून आला होता. तो ताडकन उठला. त्याला हवे ते वाक्य मिळाले होते. त्याने नंतर आम्हांस जे समजावून सांगितले ते वाचकांनी नीट ध्यानात घ्यावे, कारण आपल्या बहुतेक शहरांत पाणी दिवसातून ठरावीक वेळच येते. पाणी चालू असते तेव्हा नळात दाब असतो आणि फुटक्या जागेतून पाणी बाहेर गळते. पाणी बंद झाले की दाब नाहीसा होतो आणि त्याच फुटक्या जागेतून भोवतालची घाण आत शिरते. नळ नालीतून गेला असेल तर नालीच आत शिरते. पुन्हा पाणी सुटले की ती घाण पहिल्या लोंढ्याबरोबर घरात येते. आणि कोणी नळाला थेट पंप लावून पाणी खेचले, तर पाणी चालू असतानाही तेथे ओढ निर्माण होऊन घाण आत येते. पहिली दहा मिनिटे घाण येते याचा अर्थ फूट जवळच आहे.

आणखी एक गोष्ट. पाण्यातून येणाऱ्या काविळीचा विषाणू शरीरात गेल्यावर रोग दिसण्यास दोन ते सहा आठवडे, कधी त्याहूनही जास्त, लागतात. म्हणून साथ दिसल्यावर पाणी तपासले तर ते त्या दिवशी निर्मळही निघू शकते. १९५५-५६ मध्ये दिल्लीत सांडपाणी नदीच्या पाण्यात मिसळून सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली होती. रोग उघड झाला तेव्हा दूषित पाणी पिऊन कित्येक आठवडे लोटले होते. प्रयोगशाळेला जे त्या दिवशी दिसत नाही, ते रोज पाणी भरणाऱ्या बाईला महिनाभर आधी दिसलेले असते.

सभेत आरोग्य केंद्राच्या परिचारिकाबाईंनीही चार शब्द सांगितले. या काविळीचा ई नावाचा एक प्रकार आहे. तो इतरांना बहुधा सोडून देतो, परंतु गर्भवतीच्या शेवटच्या महिन्यांत तो गाठला तर शंभरात वीस-पंचवीस जणी दगावतात. सभेत एकदम शांतता पसरली. त्या गल्लीत आठवा महिना लागलेली एक सून होती, हे सर्वांना माहीत होते. तिची सासू काही न बोलता उठली. दुसऱ्या दिवशी सुनेला माहेरी, देवासला, पोहोचविण्यात आले. ती सुखरूप बाळंतीण झाली. त्या एका सभेने काही साधले असेल तर ते हे, असे आम्ही मानतो.

पण सभा संपली नव्हती. पंप काढावयाचे ठरले. कोणाकोणाकडे पंप आहेत, असा प्रश्न निघाला तेव्हा सारे खाली पाहू लागले. आम्हीही. कारण शाळेपासून हाकेच्या अंतरावर, त्याच नळावर, आमचे घर आहे, आणि आमच्याही घरी तो पंप होता. वरच्या मजल्यावर पाणी चढत नाही म्हणून आम्हीच तो हौसेने बसविला होता. घरी आल्यावर सौभाग्यवती एवढेच म्हणाल्या, "अहो, आधी आपला काढा, मग लोकांना सांगा." दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तो सर्वांदेखत काढला. त्या आठवड्यात आणखी १४ पंप निघाले. तीन निघाले नाहीत, आणि त्या तीन घरांशी आमचे बोलणे अजून पूर्ववत झालेले नाही. लोकसहभाग हा शब्द भाषणात गोड वाटतो. त्याची किंमत शेजाऱ्याच्या रागात मोजावी लागते.

दहाव्या दिवशी खोदकाम झाले. नालीच्या पोटातून गेलेला जुना लोखंडी नळ जेथे फुटला होता, ती जागा बाईंच्या घरापासून वीस पावलांवर होती. नवा नळ नालीच्या वरून, बाजूने घातला गेला. आता दर सोमवारी आमच्या शाळेतील दोन विद्यार्थी गल्लीच्या टोकाच्या नळाचे पाणी क्लोरीनसाठी तपासतात. औषधाचे थेंब घातल्यावर पाणी पिवळसर झाले की क्लोरीन आहे असे समजावयाचे. प्रमाणकाप्रमाणे नळाच्या टोकाशी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेले असावे लागते. रंग आला नाही तर वहीत नोंद होते आणि त्याच दिवशी दूरध्वनी जातो. ती वही आम्ही हजेरीपटाशेजारी ठेवतो.

आमचे शहर २०१७ पासून सलग सात वर्षे देशातील स्वच्छ शहरांत पहिले आले. सातव्या वेळी हा मान सुरतेबरोबर विभागून मिळाला. सुरतेचेही कौतुक केले पाहिजे, कारण १९९४ च्या प्लेगच्या धक्क्यातून ते शहर सावरले आहे. इंदूरच्या यशात घरोघरी ओला आणि सुका कचरा निराळा करणाऱ्या गृहिणींचा आणि पहाटे रस्ते झाडणाऱ्या हातांचा वाटा सर्वांत मोठा आहे. गेडिस यांच्या मिरवणुकीतील ती शुभ्र वस्त्रे आम्हांला येथे आठवतात. परंतु स्वच्छता डोळ्यांना दिसते, पाणी जमिनीखालून वाहते. वरचा रस्ता आरशासारखा असला तरी खालचा नळ फुटका असू शकतो, आणि तो कोठे फुटला हे सांगणारा मनुष्य गल्लीतच राहत असतो.

त्याला बोलण्याचा अधिकार कायद्याने दिलेला आहे. घटनेची ७४ वी दुरुस्ती १ जून १९९३ पासून अमलात आली. तिने नगररचना, पाणीपुरवठा, सार्वजनिक आरोग्य यांसह १८ विषय नगरसंस्थांकडे सोपविण्याची वाट मोकळी केली आणि ३ लाख किंवा अधिक वस्तीच्या शहरांत प्रभाग समित्या असाव्यात असे सांगितले. शहराच्या विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला की ठरलेल्या मुदतीत हरकती व सूचना मागवाव्या लागतात. मध्य प्रदेशात १९७३ चा, गुजरातेत १९७६ चा, कर्नाटकात १९६१ चा आणि गोव्यात १९७४ चा यासंबंधीचा कायदा आहे. आपण इंदुरी असा, बडोदेकर असा, बेळगावकर असा की गोमंतकीय असा, ही दारे आपल्यासाठी उघडी आहेत. २००५ पासून माहितीचा अधिकारही आहे. प्रश्न एवढाच की मसुदा लागतो तेव्हा तो वाचावयास आपल्यापैकी किती जण जातात?

अनुभवाने शिकलेल्या चार गोष्टी येथे नोंदवितो. पहिली, तक्रार नेमकी असावी. जागा, वेळ आणि किती घरे, एवढे तिच्यात असलेच पाहिजे. दुसरी, अर्ज एकट्याने देऊ नये, गल्लीने द्यावा आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्यावी. तिसरी, सभा बायकांना सोयीच्या वेळी असावी आणि त्यांना आधी बोलू द्यावे. पाणी कोण भरते याचा विचार केला म्हणजे कारण कळेल. चौथी, सभेत अधिकाऱ्याला आरोपी म्हणून नव्हे, पाहुणा म्हणून बोलवावे. नळ शेवटी त्यालाच दुरुस्त करावयाचा असतो.

या निमित्ताने आपल्या समाजाविषयी थोडे स्पष्ट बोलावयाचे आहे. मल्हाररावांच्या काळापासून माळव्यात, गायकवाडांच्या काळापासून गुजरातेत, शिंद्यांच्या काळापासून ग्वाल्हेरीत आपण राहत आलो. तरीही आपल्या बोलण्यातून 'आपण इकडचे नाही' असा सूर अधूनमधून निघतो. आपले मंडळ, आपले व्याख्यान, आपली नाट्यस्पर्धा, आपला गणपती यांत आपण रमतो, आणि प्रभागाच्या सभेला मात्र आपली खुर्ची रिकामी असते. ज्या मातीत आजोबा-पणजोबांची राख मिसळली ती माती परकी कशी? भाषा जपावी, अवश्य जपावी. परंतु मंडळाचे सभागृह वर्षातून चार वेळा गल्लीसाठी उघडले, तेथे हिंदी, गुजराती, कन्नड बोलणारे शेजारी येऊन बसले, तर आपली मराठी बुडणार नाही. संत गाडगेबाबा गावात गेले की आधी हातात खराटा घेत आणि रात्री कीर्तन करीत. गाव कोणाचे, असे त्यांनी कधी विचारले नाही.

गणेशोत्सवात आमच्या मंडळापुढे आम्ही एक सूचना ठेवली होती. विसर्जनाची मिरवणूक त्या गल्लीतून न्यावी, जिने वर्षभरात आपली नाली, आपला नळ आणि आपला केर यांची उत्तम व्यवस्था ठेवली. वडीलधाऱ्यांपैकी एकांनी हरकत घेतली की परंपरेचा मार्ग कसा बदलावा? आम्ही त्यांना एका दिवसाच्या राजाची गोष्ट सांगितली. ते ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, "मास्तर, पुढल्या वर्षी पाहू." पुढले वर्ष आता जवळ आले आहे.

त्या मिरवणुकीतील तुळशीची रोपे कोणाकोणाच्या घरी गेली, त्यांची पुढे काय झाली, हे आज सांगता येणार नाही. परंतु तुळशीला रोज पाणी घालावे लागते, एका दिवसाच्या उत्साहाने ती जगत नाही, हे प्रत्येक मराठी घराला ठाऊक आहे. आमच्या शाळेच्या अंगणात मुलांनी यंदा एक रोप लावले आहे. सोमवारची तपासणी झाली की वहीत नोंद करून उरलेले पाणी ती मुले तिच्या मुळाशी ओततात. गेल्या सोमवारी पाण्याला रंग आला नाही. दूरध्वनी गेला आहे, उत्तराची वाट पाहत आहोत, आणि उद्या आम्ही पुन्हा विचारावयास जाणार आहोत.